आधी कॅबिनेट की आधी कार्ड?

घरी असेंबल केलेला, आटोपशीर आणि खिशाला झेपणारा गेमिंग पीसी कसा निवडावा, या प्रश्नावर सल्ल्यांचा तुटवडा कधीच नव्हता. अडचण एवढीच की हे सल्ले एकमेकांना छेद देतात. एक म्हणतो, आधी कॅबिनेट पक्के करा, कारण आत काय मावणार हे तेच ठरवणार. दुसरा म्हणतो, अर्धे पैसे आधी ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढा, बाकीचे मागून बघू. तिसऱ्याला लहान आकाराचा हट्टच मान्य नाही. चौथा ऑफिसातली जुनी मशीन उचलायला सांगतो. हा वाद मुंबई-पुण्याच्या दुकानांतून रायगड जिल्ह्यातल्या चौक, खालापूर, कर्जतच्या घरांपर्यंत पोचला की त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात : इथली हवा-वीज आणि दुकानापासूनचे अंतर. सल्ला देणाऱ्यांच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी सहसा नसतात.

स्क्रीन सोडून पन्नास ते सत्तर हजारांचा टप्पा डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा घेतला आहे. किमती आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे त्यांचे आकडे मोजकेच दिले आहेत.

लहान आकार आला कुठून

आजच्या टेबलावरच्या पीसीची मापे इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स ठेवणीतून आली. तिचा पूर्ण बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा. १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स आले, २४४ मिलिमीटरचा चौरस. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्सचे माप जाहीर केले, १७० बाय १७०. हा शेवटचा बोर्ड गेमिंगसाठी नव्हताच. कमी वीज खाणाऱ्या, गुपचूप कोपऱ्यात बसणाऱ्या यंत्रांसाठी तो काढला होता. त्याच सुमारास शटल या तैवानी कंपनीने छोट्या चौकोनी पेटीतले तयार सांगाडे विकायला सुरुवात केली. पीसी काखोटीला मारून मित्राकडे खेळायला न्यायचा, ही कल्पना तिथून रुजली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत वीस लिटरच्या आतल्या कॅबिनेटचा एक वेगळा शौकच उभा राहिला. कार्डे मात्र याच काळात लांब, जाड आणि गरम होत गेली. आजच्या वादाचे मूळ या उलट्या प्रवासात आहे.

आपल्याकडची पार्श्वभूमी वेगळी. मुंबईत सुटे भाग म्हणजे लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग. चौकहून जायचे तर कर्जतला येऊन मध्य रेल्वेने दादर आणि तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. निम्मा दिवस प्रवासातच जातो. म्हणून इकडची बरीच खरेदी ऑनलाइन होते किंवा पनवेलच्या दुकानदाराकडून मागवली जाते, आणि त्याच्याकडे जे चटकन मिळते तेच कोटेशनमध्ये येते. निवडीच्या चर्चेत हा मुद्दा कोणी उच्चारत नाही, पण बहुतेक वेळा निवड तोच करतो.

सरकारी धोरणाचाही एक धागा आहे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप, टॅबलेट यांच्याबरोबर अतिलहान आकाराच्या तयार संगणकांच्या आयातीवर परवान्याची अट घातली. ओरड झाल्यावर ती लांबणीवर पडली आणि नोव्हेंबरपासून बरीच सौम्य होऊन आली. सुट्या मदरबोर्डांना आणि कार्डांना ती लागू नव्हती. त्यामुळे आपला पीसी आपणच जुळवावा, या बाजूच्या लोकांना एक मुद्दा आयता मिळाला.

खऱ्या लहानाचा पक्ष

मिनी-आयटीएक्सवाल्यांचे म्हणणे सरळ आहे : लहान हवे तर खरेच लहान घ्या. कूलर मास्टरचे एनआर२०० हे २०२० पासून गाजलेले कॅबिनेट सव्वाअठरा लिटरचे आहे आणि त्यात ३३० मिलिमीटरपर्यंतचे कार्ड बसते. म्हणजे आकारासाठी कार्डावर पाणी सोडावे लागत नाही. कॅबिनेट आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, हे दोन भाग प्रोसेसर-कार्डाच्या दोन पिढ्या पाहतात, तेव्हा त्यांच्यावरचा खर्च वाया जात नाही, असाही त्यांचा युक्तिवाद आहे. आपल्या भागापुरता तिसरा मुद्दा मी त्यात घालतो. मशीन बिघडली तर ती लोकलने न्यायची असते. सात-आठ किलोची पेटी मोठ्या पिशवीत घालून नेता येते. मोठा टॉवर गर्दीच्या गाडीत नेऊन बघावा.

विरुद्ध बाजूचा मुद्दा पैशांचा, आणि तो वजनदार आहे. साधा मायक्रो-एटीएक्स बोर्ड ज्या किमतीत मिळतो, तिच्या दुप्पट-अडीचपट मिनी-आयटीएक्स बोर्डाला सहज पडते. रॅमच्या खाचा दोनच. अशा कॅबिनेटला लागणारा एसएफएक्स एसएमपीएस १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा, आपल्याकडे त्यांत निवड कमी आणि भाव चढे. तिन्ही फरक जोडले तर कार्डाची एक अख्खी पायरी हातची जाते, आणि पन्नास-साठ हजारांच्या पीसीत ही पायरी म्हणजेच गेमिंग. एका लाखाच्या वर गेलात की हा आक्षेप बोथट होतो. या टप्प्यात होत नाही.

मधली वाट

म्हणून बहुतेक दुकानदार आणि जाणती मुले मायक्रो-एटीएक्सकडे वळतात. बोर्ड स्वस्त, नेहमीचा एसएमपीएस चालतो, पुढे रॅम वाढवायला जागा राहते. आक्षेप एकच : याला आटोपशीर म्हणायचे का? लोकप्रिय क्यू३००एल कॅबिनेटचे बाहेरचे माप घेऊन गुणाकार केला तर ते चौतीस लिटरच्या आसपास येते, एनआर२००च्या जवळजवळ दुप्पट. त्याहून आखूड कॅबिनेटे मिळतात, पण तिथे मिलिमीटरची झुंज सुरू होते.

ती कशी असते ते जवळून पाहण्यासारखे आहे. नेहमीचा एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि बहुधा १४० लांब असतो. कॅबिनेटच्या कागदावर १६० पर्यंत चालेल असे लिहिलेले असते म्हणून मुलगा १६० चा मॉड्युलर एसएमपीएस घेतो. तो बसतोही. पण मॉड्युलरच्या केबली मागच्या तोंडातून निघतात, खुंटीला आणि केबलच्या वळणाला आणखी अडीच-तीन सेंटिमीटर लागतात, आणि तिथेच हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. मग पिंजरा काढायचा किंवा केबल कोंबायची. कोंबलेली केबल खालच्या जाळीवर दबते आणि हवेची वाट बंद होते. अशा ठिकाणी १४० चा, न सुटणाऱ्या केबलींचा साधा एसएमपीएस जास्त सोयीचा. कार्डाचेही तसेच : लांबी सगळे बघतात, जाडी आणि वर निघणारी वीजजोडणी कोणी बघत नाही, आणि काचेचे झाकण लागत नाही ते तिच्यामुळे.

ऑफिसातून निवृत्त झालेली मशीन

हा पक्ष गेल्या दोन-तीन वर्षांत जोरात आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. कंपन्यांनी सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन काढून टाकल्या. डेलच्या ऑप्टिप्लेक्स, एचपीच्या एलिटडेस्क, लेनोवोच्या थिंकसेंटर अशा बारीक पेट्यांचे ढीग रिफर्बिश्ड बाजारात आले. पेटी लहान, बांधणी भक्कम, भाव उतरलेला. त्यात एक बुटके कार्ड घातले की झाला गेमिंग पीसी, असे या बाजूचे म्हणणे.

यातला खाचखळगा कार्ड निवडताना लागतो. या बारीक पेट्यांचा एसएमपीएस बहुधा १८०-२०० वॅटचा आणि कंपनीच्या खास जोडणीचा असतो. बाजारातला दुसरा बसत नाही. कार्डाला वेगळी वीज देणारी केबल त्यात नसते, म्हणून जे काही चालवायचे ते बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटांत. या मापात बसणारी नावे मोजकी : ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० सहा जीबी, ५३ वॅटचे आरएक्स ६४००. दुसरे स्वस्त वाटते, पण ते बोर्डाशी फक्त चार लेननी, म्हणजे डेटाच्या चारच पदरांनी, बोलते. नव्या पीसीआय एक्सप्रेस ४.० बोर्डावर ते खपून जाते. सातव्या-आठव्या पिढीच्या मशीनचा बोर्ड ३.० चा, तिथे तोच रस्ता निम्मा होतो आणि कार्डाची चार जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. म्हणजे हे कार्ड ज्या जुन्या मशीनसाठी सुचवले जाते, नेमके तिथेच ते उणे पडते. शिवाय व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतो. लिनक्सवर तो चालतच नाही. स्वस्तात मिळालेली सातव्या पिढीची मशीन तिथे अडू शकते. आठव्या पिढीची किंवा पुढची घेतली तर तीस-पस्तीस हजारांच्या आत खेळायचे असणाऱ्यांसाठी हा रस्ता आजही सगळ्यांत शहाणा आहे, असे माझे मत. त्याच्या वर नाही.

कार्डच नको म्हणणारे

एएमडीच्या काही प्रोसेसरांत बरे ग्राफिक्स आतच असते : जुन्या एएम४ बोर्डावरचा ५६००जी, नव्या एएम५ वरचे ८६००जी आणि ८७००जी. कार्ड नाही म्हणजे उष्णता कमी, पेटी चार-पाच लिटरची चालते, एसएमपीएस लहान. सीएस२, व्हॅलोरंट, जीटीए ५ यांच्यासाठी हे पुरते. नवे भारी खेळ मात्र कमी तपशिलावर ठेवावे लागतात.

या वाटेची अट रॅम. आतले ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच वाटा घेते, म्हणून सोळा जीबीची एक काडी घालण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घातल्या तर खेळात लख्ख फरक दिसतो. दुकानदार पुढे वाढवायला बरे म्हणून एकच काडी देतो; कार्ड असलेल्या पीसीत ते एक वेळ चालते, इथे चालत नाही. ८६००जीला तर वेगवान डीडीआर५ लागते. आणि २०२५ च्या उत्तरार्धापासून नेमकी रॅमच महाग झाली. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा पुरवठा वळला, जुन्या डीडीआर४ चे उत्पादन कंपन्यांनी आवरते घेतले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. कार्ड वाचवून पैसे वाचवायचे, या पक्षाचा पायाच त्यामुळे हलला आहे.

लॅपटॉप आणि कन्सोल घ्या म्हणणाऱ्यांबद्दल थोडक्यात. गेमिंग लॅपटॉप आकाराच्या वादात कधीही जिंकतो, दुरुस्ती आणि वाढीच्या वादात हरतो. कन्सोल पैशांच्या हिशेबात उजवे, पण त्यावर इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट करता येत नाही, आणि आपल्याकडे घरातून पैसे बहुधा प्रोजेक्टच्याच नावाने मिळतात.

कार्ड आणि त्याची मेमरी

सगळ्यांत तापलेला वाद इथे आहे : आठ जीबीचे कार्ड आज घ्यावे का? एका बाजूला आरटीएक्स ४०६० आहे, अवघ्या ११५ वॅटचे. लहान पेटीसाठी असे कार्ड पुन्हा सहज मिळणार नाही, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे. आरटीएक्स ५०६० त्याच वाटेवरचे, १४५ वॅट आणि पुन्हा आठ जीबी. दुसऱ्या बाजूला इंटेलचे आर्क बी५८० आहे, बारा जीबीचे, पण १९० वॅट खाणारे. आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी, जे सोळा जीबीतही मिळते. आठ जीबी नको म्हणणाऱ्यांचा आधार असा की नवे खेळ १०८० पिक्सेलवरही ही मर्यादा ओलांडू लागले आहेत. हवे म्हणणारे सांगतात की तपशील एक पायरी खाली आणला की प्रश्न मिटतो, आणि लहान पेटीत वॅटही मोजावे लागतात.

दोघांच्याही बोलण्यातून एक दुवा सुटतो, तो बोर्डाचा. ४०६०, ५०६०, बी५८०, जुने आरएक्स ६६००, ही सगळी आठ लेनची कार्डे. ए५२० हा सर्वांत स्वस्त एएम४ बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, रायझन ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसरही ३.० चेच. कार्डाची मेमरी पुरत असेपर्यंत फरक जेमतेम. ती भरली की माल मुख्य रॅममधून आणावा लागतो, आणि हा अरुंद रस्ता तेव्हा जाणवतो. आठ जीबीचे कार्ड घेणाऱ्याने म्हणूनच ४.० चालवणारा बी५५० बोर्ड आणि रायझन ५६०० प्रोसेसर घ्यावा. हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नाही. बी५८० ची खोच वेगळी : जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत दिसले की ५६०० सारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर ते काही खेळांत बरेच मागे पडते. कार्ड स्वस्त, पण त्याला सोबती महाग हवा.

एएम४ की एएम५, हा याला जोडून येणारा प्रश्न. २०१६ चा एएम४ आता पुढे सरकणार नाही, पण जुळवणी स्वस्त. २०२२ चा एएम५ निदान २०२७ पर्यंत चालवू असे एएमडीने म्हटले आहे. तिथे फक्त डीडीआर५ चालते. वर्षभरापूर्वी मी बेधडक एएम५ सांगितले असते. रॅमच्या आजच्या भावात ते सांगवत नाही. इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० वरचा आय५-१२४००एफ डीडीआर४ बोर्डावर चालतो आणि अजूनही हिशेबात बसतो.

आणि स्क्रीन. लहान पीसी टीव्हीशेजारी ठेवायचा असेल आणि टीव्ही साठ हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला दीडशे चित्रे काढणारे कार्ड नव्वद चित्रे फुकट घालवते. टीव्हीचा गेम मोड चालू आहे का हे तपासण्याला काही पैसे पडत नाहीत, आणि बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर तेवढ्यानेही कमी होतो. कार्डाचा वाद घालण्याआधी कोणत्या पडद्यावर खेळणार हे ठरले, तर निम्मा वाद उरत नाही.

माथेरानच्या पायथ्याची हवा आणि वीज

परीक्षणे वाचून पीसी ठरवणाऱ्यांनी एक बेरीज करून बघावी. बहुतेक चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ७५ अंशांवर राहिला म्हणजे तो खोलीपेक्षा त्रेपन्न अंश वर आहे. कर्जत-खालापूरकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत दुपारी त्याहून सुटका नाही. तोच फरक धरला तर प्रोसेसर ९३ वर जातो. ५६०० ची मर्यादा ९० ची, म्हणजे तो वेग कमी करून स्वतःला वाचवणार. एएम५ वरच्या रायझन ७६०० ची ९५, १२४००एफ ची १०० : तरतील, पण पंखे ओरडतील. एनआर२०० सारख्या पेटीत खालून-वरून पंखे लावले तर निभते. काचेच्या झाकणाच्या, समोरून बंद अशा दिखाऊ लहान कॅबिनेटमध्ये निभत नाही. लहान पेटीवाले आणि मोठ्या पेटीवाले यांच्यातला हा वाद थंड शहरात बरोबरीत सुटेल. इथे तो जाळी असलेल्या पेटीच्या बाजूने झुकतो.

पावसाळ्याची अडचण निराळी. दमटपणा आणि जुन्या मुंबई-पुणे हमरस्त्याची धूळ मिळून फिल्टरवर चिकट थर बसतो. रोज चालणारी मशीन आतून कोरडी राहते. जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेलीच जास्त बिघडते.

विजेबद्दल दोन मते आहेत. एक मत, सहाशे व्हीएचा घरगुती यूपीएस पुरे. ५६०० आणि ४०६० ची मशीन खेळताना सव्वादोनशे-अडीचशे वॅटच्या आसपास खाते आणि असा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, म्हणजे आकड्यांत जमते. दुसरे मत, स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध लहर देत नाही, आणि अॅक्टिव्ह पीएफसी असलेला चांगला एसएमपीएस त्या क्षणी कधी कधी बंदच पडतो. दोन्ही खरे आहे. कोणत्या जोडीत काय होईल हे लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून यूपीएस परत घेण्याच्या बोलीवर घ्यावा. अर्थिंगवर मात्र मतभेद नसावा. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, याचा दोष लोक एसएमपीएसला देतात. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले छोटे कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर बोटांतून. आधी वायरमनला बोलवावे, मग दुकानदाराला.

न सुटलेले

सेकंडहँड कार्डाचा प्रश्न सप्टेंबर २०२२ पासून लोंबकळत आहे. तेव्हा इथेरियमचे मायनिंग संपले आणि चोवीस तास राबलेली कार्डे बाजारात आली. सतत एकाच तापमानात चाललेले कार्ड उलट कमी थकते असे काही म्हणतात. पंखे आणि मेमरी झिजते असे इतर. दोघेही आपापले अनुभव सांगतात, आणि विकत घेणाऱ्याला समोरच्या कार्डाचा इतिहास कळायचा मार्ग नसतो. त्याच लाटेतली आरएक्स ५८० २०४८एसपी कार्डे नव्या खोक्यात विकली जातात. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर होते, यात २०४८. नाव तेच, माल निराळा.

बिलाचा वादही मिटलेला नाही. सुट्या भागांवर अठरा टक्के जीएसटी, आणि घरगुती ग्राहकाला त्यातला रुपयाही परत मिळत नाही. कच्च्या बिलावर घेतले तर मोठी रक्कम वाचते आणि तीन वर्षांच्या वॉरंटीवरचा हक्क लंगडा होतो. खोक्याविना येणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरचे तसेच : तो उत्तम चालतो, पण जबाबदारी कंपनीची नाही, दुकानदाराची. मुंबईत राहणारा हा धोका पत्करू शकतो, कारण दुकान दोन स्टेशनांवर असते. चौकच्या माणसाने प्रोसेसर ट्रेचा घेतला तरी चालेल, तो क्वचितच जातो. कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस मात्र पक्क्या बिलावरच घ्यावेत.

राहिला कॅबिनेट आधी की कार्ड आधी हा मूळ प्रश्न. या टप्प्यात मी पडद्यापासून सुरुवात करीन, मग कार्डाचे वॅट आणि जाडी, मग त्याला पुरेल असा एसएमपीएस, आणि कार्ड व एसएमपीएस ही दोन्ही मावतील असे, जाळी असलेले सर्वांत लहान कॅबिनेट. मिनी-आयटीएक्सवाले म्हणतील, अशाने पेटी कधीच लहान होत नाही. रॅमचे भाव उतरले आणि शंभर-सव्वाशे वॅटची कार्डे पुन्हा येत राहिली, तर त्यांचे म्हणणे या किमतीतही पटू लागेल. तूर्त दोन्हींची चिन्हे नाहीत.